पक्का रंग

आमच्या गावात एक समज आहे:
धुराडं साफ करणारा सकाळी दिसला
तर दिवस चांगला जातो.
म्हणून माझ्या कोटाच्या पितळी बटणाला
येता-जाता लोक बोट लावतात.
पाववाली लावते. पोस्टमन लावतो.
लॉटरीचं तिकीट मुठीत धरून
फ्राउ लिंडनर तर दोनदा लावते,
एकदा स्वतःसाठी, एकदा जावयासाठी.
त्याचं काही खरं नाही म्हणे.

रविवारी मी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून
बसमध्ये बसतो, तेव्हा
शेजारची जागा झिटाऊ येईपर्यंत रिकामी.
शुभशकुन आठवड्याचे सहाच दिवस.
पाय पसरता येतात, हा त्यातला फायदा.

माझं नाव अन्सेल्मो माकुआक्वा.
जन्म इथलाच, नदीकाठच्या दवाखान्यात.
बाप मोझांबिकहून करारावर आलेला,
कापड गिरणीत, रंगखात्यात.
मग भिंत पडली, गिरणीला कुलूप लागलं,
आणि बापाला विमानात बसवून दिलं.
आई इथली, म्हणून मी राहिलो.
जाताना तो एवढंच म्हणाला,
"पोरा, रंग पक्का आहे का बघायचं
तर धुतल्यावर कापडाकडे नाही,
पाण्याकडे बघायचं."
मी सहा वर्षांचा. मला वाटलं, कामाचं बोलतोय.

एकदा स्टेशनपाशी तिघांपैकी एक ओरडला,
"तोंड काळं कर इथून!"
मी हॅट काढली. म्हटलं, "केलंय की, साहेब,
सकाळी सातलाच.
तुमच्या गल्लीत तीन धुराडी बाकी आहेत,
तेवढी उरकून जाऊ का?"
दोघं हसले.
तिसरा हसला नाही.
त्याच्यासाठी माझ्याकडे विनोद नाही.
त्याच्यासाठी लांबचा रस्ता ठेवलाय,
चर्चच्या मागून, अकरा मिनिटं जास्त.

नोव्हेंबरात क्रेचमारबाईंकडे पहिल्यांदा गेलो.
वय अठ्ठ्याऐंशी, स्वयंपाकघरात कोळशाची शेगडी.
काम झालं तसं त्यांनी गरम पाणी काढलं,
साबण दिला, नखांचा ब्रशही दिला.
"धुऊन घे. मग कॉफी."
धुतलं. हात, मान, कानांमागे.
बाईंनी चष्मा पुसला, निरखून पाहिलं.
"राहिलंय रे अजून,"
आणि साबण पुन्हा पुढे केला.

इथे रागवावं का, याचा विचार
मी साबणाला फेस येईपर्यंत केला.
पुन्हा धुतलं. मग बेसिनकडे बोट दाखवलं,
"पाणी बघा, बाई. नितळ आहे.
उरलेला रंग कंपनीचा."

शेगडीत एक निखारा फुटला.
आधी बाईंचे खांदे हसले, मग बाई.
इतक्या हसल्या की कवळी काढून
बशीत ठेवावी लागली,
आणि कवळीशिवाय, बोबडं, सांगत राहिल्या:
एगोन खाणीत होता. चाळीस वर्षं
त्याची पाठ घासली मी. कानामागची काजळी
पेटीत ठेवला तेव्हाही तशीच.
हाताला सवय लागली रे, दुसरं काही नाही.

मग थोडं थांबून:
मी दहा वर्षांची. सायलेशियातून हाकललेली आम्ही,
एक बोचकं आणि आईची शिवणाची कात्री.
इथल्या शाळेत पोरं नाक दाबायची,
उवांची आली, उवांची आली.
आईनं डोकं रॉकेलनं इतक्यांदा धुतलं
की केस पिंजले, उवा नव्हत्याच.
पाण्याकडे बघ म्हणून
कुणी सांगितलंच नाही तेव्हा.

कॉफी फार वाईट होती. मी दोन कप प्यालो.
बिल चौसष्ट युरो.
दारात त्यांनी बटणाला बोट लावलं, आणि विचारलं,
"रविवारी मी एगोनकडे जाते, झिटाऊच्या दफनभूमीत.
तूही त्याच बसला असतोस ना?"
"असतो. पण रविवारी बटणं नसतात, बाई."
"कोपर तर असेल?
ते चालेल.
आणि बिलातले चार युरो कमी कर."