कायमची परवानगी

विक्रोळीत, कन्नमवार नगरात,
दर रविवारी अडीच वाजता
दहावीच्या क्लासची बाकं आम्ही उलटी फिरवतो
आणि फळ्यावरच्या प्रमेयाकडे पाठ करून
एका बेटावर उतरतो.

सात वर्षं झाली. फासे सगळ्यांत मिळून अकरा,
त्यातला वीस बाजूंचा इरावतीचा, कोपरा उडालेला.
नियम परदेशातल्या कंपनीचे,
बेट आमचं.
मी त्याचं पुस्तकही काढलं होतं, स्पायरल बाइंडिंग,
किंमत साठ रुपये, एकेचाळीस प्रती खपल्या.
पहिल्या पानावर, कंपनीनेच घालून दिलेल्या शब्दांत:
कायमच्या परवानगीने.

मग जानेवारीत नवा करार आला.
जुना रद्द. तुम्ही रचाल त्यावर आमचाही हक्क.
तन्वीर मुकादम फोर्टात एका नोटरीकडे कारकून,
त्याने चहा निवेपर्यंत वाचला आणि म्हणाला,
"'कायमची' लिहिलं होतं रे.
'मागे न घेता येणारी' असं कुठे लिहिलं होतं?"

कुणी काहीच बोललं नाही.
मग सगळे एकदम बोलले.
फ्लॉइडने महिन्याची वर्गणी तिथल्या तिथे तोडली.
प्रणोती म्हणाली, एकेचाळीस प्रतींसाठी
कोण येणारे आपल्या दारात?
"आणि उद्या म्हणाले, बेट आमचं, तर?"
"तर नेऊ देत. नुसता चिखल आहे."
धोंडगेकाका तेवढे शांत.
गिरगावात पागडीच्या खोलीत अठ्ठावन्न वर्षं काढलेला माणूस.
"रंग आपण काढायचा, गळती आपण काढायची,
आणि खिळा ठोकायचा तर मालकाला विचारायचं.
मला वाटलं होतं,
निदान राक्षस तरी ओनरशिपवर असतील."

त्या रात्री खोडरबर घेऊन बसलो.
त्यांचं ते सगळं काढायचं.
ड्रॅगन गेला. गुहेतले ठेंगू गेले.
मंत्र गेले, पानंच्या पानं.
पहाटे उरली खाडी, भरती-ओहोटीचं कोष्टक,
आणि गिऱ्हा,
जो ओळखीच्या आवाजात हाक मारत
गुडघाभर पाण्यातल्या माणसाला गळाभर पाण्यात नेतो.
हा तरी माझा, म्हटलं.

आणि रबर हातातच राहिला.
गिऱ्हा मला फ्लॉइडच्या मावशीने सांगितला होता,
गोराईच्या धक्क्यावर, बोटीला उशीर होता म्हणून.
पुस्तकात मी तिचं नावसुद्धा घातलं नव्हतं.

शनिवारी गेलो. फिलोमेनामावशी,
टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर,
मान अजून एका बाजूला कलती, हेडफोन असल्यासारखी.
मी करार, कलम, हक्क वगैरे सांगत होतो,
तिने मध्येच लाइन तोडली:
"तुज्या खेलान त्याचा काय होते?"
मारतात, म्हटलं. पाचशे गुण मिळतात.
ती बराच वेळ गप्प.
"तो मेला तं पोरांना पान्याचा भ्याव कोन घालील?
सांग सगल्यांना. पैशे पन घे.
पन तो मराचा नाय."
साक्षीदार नाही, स्टँप नाही.
वर दोन फुगे बांधून दिले, फ्लॉइडसाठी.

तोवर तिकडे कंपनी नमली.
जगभरातून इतक्या वर्गण्या तुटल्या
की माफीचं पत्र आलं, जुनी परवानगी जागच्या जागी.
तन्वीरने तेही वाचलं, "बरं आहे" म्हणाला,
आणि कोरं असलेलं मागचं पान उलटून बघितलं.

रविवारी आम्ही खाडीत.
गिऱ्ह्याने प्रणोतीच्या आवाजात हाक मारली.
इरावतीने फासा टाकला,
उडालेल्या कोपऱ्यावर तो थोडा अडखळला,
आणि वीस.
इतके ओरडले की वरच्या मजल्यावरून कुणीतरी पाय आपटला.

मी म्हणालो, तो मरत नाही.
"म्हणजे?"
म्हणजे, नियम बदललाय.
"कधी? कुणाला विचारून?"

पाचही जण माझ्याकडे बघत होते.
तन्वीरने पेनाचं टोपण काढलं होतं.