आठ आणि आठ, चार

दाभोळच्या खाडीकडे तोंड केलेलं घर.
वर कौलं, कौलांखाली नवं प्लायवूडचं छत,
आणि टेबलावर दुलईत गुंडाळलेला रिसीव्हर.
इसहाक परकारांनी तो शारजाहून आणला,
कपड्यांच्या बॅगेत, दोन उशांच्या मध्ये.
कस्टमवाल्याने विचारलं तर म्हणाले, इंजिन आहे.

मी पालथा करून पाठ वाचली.
सहा ओहमच्या खाली नको, असं बारीक अक्षरात,
आणि डोक्यावरच्या आवाजासाठी तोंडं फक्त दोन.
"चार लावू या," ते म्हणाले,
"चिपळूणचा दुकानदार सांगतो, चारांनी आभाळ भरतं."
चिपळूणच्या दुकानदाराला चार विकायचे असतात.

वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं:
आठ ओहमच्या शेजारी आठ, एकाच तोंडाला जोडले
तर सोळा होत नाहीत, चाचा. चार होतात.
पाण्याला दोन वाटा दिल्या की अडवणूक निम्मी,
मग हे यंत्र तापणार, धापा टाकणार,
आणि भर सिनेमात तोंड मिटून बसणार.
ते हसले. तीस वर्षं बोटीच्या पोटात काढलेल्या माणसाला
धापा टाकणारं यंत्र मी काय सांगावं.

दोनच ठरले. साडेसहा इंची, आठ ओहमचे,
वाटीतल्या बुबुळासारखा ट्वीटर, हवा तिकडे वळणारा.
दहा इंची स्वस्त होते, दणकट होते, चार ओहमचे होते;
ते दुकानातच राहिले.
तांब्याची टोकं मी कथलाने माखून घेतली,
इथला वारा तांब्याला दोन महिन्यांत हिरवं करतो.
उंदरांसाठी मागून फणसाच्या फळ्यांच्या पेट्या.

शिडीवरून विचारलं, "पण छतातच का?"
ते बराच वेळ वर बघत राहिले.
"इंजिनरूम पाण्याच्या पातळीखाली असते गो.
आमच्याकडे सगळं वरून यायचं.
नांगराची साखळी सुटायची ती. लाट बसायची ती.
सकाळ झालेली कळायची
कुणाच्या तरी चपलांवरून."

ताटलीएवढी दोन भोकं पाडली. भुसा, घाम,
पालीची दोन अंडी, ती अलगद वाशावर सरकवली.
संध्याकाळी रिसीव्हरचा चाचणीचा आवाज लावला.
शूऽऽ, उजवीकडे. शूऽऽ, डावीकडे.
"डावा बंद आहे," चाचा म्हणाले.

मीटर लावला. साडेसहा दाखवतो, म्हणजे कॉइल ठणठणीत.
उजव्याचा डावीकडे नेला, डाव्याचा उजवीकडे.
पुन्हा शूऽऽ.
"डावाच बंद आहे."
स्वयंपाकघराच्या दारात रुकय्याचाची, हाताला पीठ,
"वाजतोय की," एवढं म्हणाल्या
आणि पुढचं वाक्य त्यांनी पिठात मळून टाकलं.

शिडी चढून मी उगाच एक स्क्रू सैल केला, पुन्हा आवळला.
"वायर ढिली होती," म्हणाले.
खाली उतरून रिमोटवर डावा वाढवत नेला:
दोन डेसिबल, चार, सहा.
"आता?"
"हां. आता आलं."
चाचींनी माझा अंगठा पाहिला होता.
घावण्यांच्या ताटात एक जास्त पडलं.

बिल: स्पीकर एक जोडी, वायर बावीस मीटर,
पेट्या दोन, मजुरी.
डेसिबल लिहिले नाहीत.

पायरीवर चपला शोधत होते तेव्हा
आत तोच शूऽऽ परत लागला,
उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे.
"सिनेमा कधी लावणार?" चाचींचा आवाज.
"थांब जरा," ते म्हणाले,
"वर कुणीतरी चालतंय."