पाचवा रकाना

मार्गिलानच्या दवाखान्यात हे रजिस्टर माझ्याकडे असतं.
पोटावर तीन बारीक छेद देऊन ज्यांच्या नळ्या मोकळ्या केल्या
त्यांना दोन वर्षांनी फोन करायचा, खूण करायची:
राहिला. पडला. नळीतच अडकला. नाही राहिला.
पाचवा रकाना, फोन लागत नाही.
तोच सगळ्यांत लवकर भरतो.

दोन वर्षांत दिवस सगळ्यांचेच गेलेले असतात.
रजिस्टरला हवे असतात ते दिवस वेगळे.

सत्तावीस नंबर, हुलकर.
आमच्याकडे हुलकर म्हणजे कृत्तिकांचा पुंजका.
रेशीम रंगवते. मनगटापर्यंत निळी.
भूल उतरली तेव्हा डॉक्टर मातल्युबा सांगत होत्या,
आत निळा रंग सोडून पाहिला,
डावीकडून सरळ सांडला,
उजवीकडून थांबत थांबत, थेंब थेंब.
हिनं विचारलं, निळा कसला? नीळ की पुडीतला?
मग डोळे मिटून म्हणाली,
लडीला जिथे गाठ मारतो ना, तिथे रंग शिरत नाही.
माझी गाठ कुणी मारली होती?
पलीकडच्या खाटेवरची बाई हसली, टाके दुखेपर्यंत.

आज तिनं फोन उचलला. मागे माग चालू.
"राहिला होता. उजवीकडे, वाटेतच.
सहाव्या आठवड्यात रात्री अंदिजानला नेलं, ती नळी काढली."
मी तिसऱ्या रकान्यात खूण केली.
"सासू म्हणते, एक चाक गेलं, आता गाडी कशाची."
"आणि त्यानंतर?"
माग थांबला.
कुणीतरी दार लावलं, तिनंच असेल.
"ताई, अकरा दिवस वर झालेत.
सकाळपासून तुतीच्या पाल्याचा वास सहन होत नाही.
नवऱ्यालाही बोलले नाही. लिहू नका.
लिहिलं की दृष्ट लागते,
मागच्या वेळी मी भिंतीवर तारीख लिहिली होती."

शुक्रवारी ताश्कंदला आकडे जायचे होते.
साहेबांनी रजिस्टर उलटून पाहिलं. सत्तावीसचं काय?
तिसऱ्या रकान्यातली खूण मी आधीच खोडली होती,
कागद थोडा झिजला होता तिथे.
फोन लागला नाही, मी म्हटलं.

एकोणीस वर्षांच्या नोकरीत हा पहिलाच खोटा आकडा.
संध्याकाळी चहा गार होईपर्यंत
पाचव्या रकान्यातली जुनी नावं वाचत बसले.
मालोहत, सुरय्यो, तुर्सुनॉय...
यांतल्या कितीजणींनी
फोन वाजताना नुसता पाहिला असेल,
पोटावर हात ठेवून.