अर्धा इंच

फॉर्मवर पहिला प्रश्न नावाचा, तो सोपा.
इंदुमती बगाडे, वय त्रेसष्ट, रामबाग.
मग साखर, रक्तदाब, झालेल्या शस्त्रक्रिया,
आणि शेवटी छापलेलं एक माणूस,
पुढून एकदा, मागून एकदा,
ना कपडे ना चेहरा.
दुखतं तिथं फुली मारा.
मी आधी त्याची मुंढ्याची गोलाई बघितली.
सवय, दुसरं काय.

अन्नपूर्णा रोड, दुसरा मजला.
खाली शेवेची कढई उकळते,
लवंगेचा ठसका जिना चढून वर येतो
आणि तिळाच्या तेलाच्या वासात बसतो.
सुनेनं पैसे आधीच भरलेले,
म्हणजे परत फिरायची सोय नाही.

हर्षिता मालवीय. असेल पंचविशीची.
छाती चौतीस, पाठ अरुंद, मनात लिहून टाकलं.
म्हणाली, जेवढे काढावेसे वाटतील तेवढेच कपडे काढा,
मी बाहेर थांबते, आत येताना दार वाजवीन.
अंगावर चादर राहील,
जिथं हात चालेल तेवढीच दुमडेन.
नको झालं तर बस म्हणा,
कारण सांगायची गरज नाही.

कारण सांगायची गरज नाही.
हे वाक्य माझ्या मापाचं
आजवर कुणी बेतलं नव्हतं.

टेबलाला तोंडापुरतं भोक.
त्यातून दिसते फरशी आणि तिचे मोज्यांतले पाय,
डाव्या अंगठ्याशी मोजा विरलेला.
सुई असती जवळ तर.

चाळीस वर्षं बायकांच्या अंगाला हात लावत आले,
पण मधे टेप होती.
पोट आत ओढून उभ्या राहायच्या,
मी ओरडायचे, श्वास सोड गं,
नाहीतर जेवायला बसलीस की हुक तुटेल!
आता ही म्हणते, "साँस छोड़िए, आंटी,"
आणि मला तो सोडता येईना.
कुठं ठेवलाय तेच सापडेना.

खांद्याच्या पात्याखाली तिचा अंगठा थांबला.
तिथं कात्री आहे पोरी, बारा इंची,
लग्नसराईतल्या रात्रींची,
शीतलामाता बाजारातून आलेल्या
ताग्यावर ताग्यावर ताग्याची.
जोर जास्त होतोय का, तिनं विचारलं.
दुखतंय की बरं वाटतंय?
दोन्ही.
फॉर्मवर ती चौकट नव्हती.

काहीजणी रडतात म्हणे, तेही चालतं.
मी रडले नाही.
माझं पोट गुरगुरलं, चांगलं मोठ्यानं,
लाजून पुढचं काही आठवत नाही.
घोरले असं ती सांगते.

मग पालथीची उताणी झाले, डोळ्यांवर रुमाल,
आणि वरून तिचा आवाज आला,
"आंटी, आपका दायाँ कंधा आधा इंच नीचे है."

सगळ्यांचाच असतो गं.
शंभरातल्या नव्वदजणींचा असतो
आणि मी एकीलाही सांगितलेलं नाही.
त्या बाजूला आतून एक पट्टी जास्त घालायची,
गळा केसभर वर घ्यायचा,
आरशात बघून गिऱ्हाईक खूश,
बाई, किती सरळ बसलंय!
ते सरळ माझ्या हातचं असतं.
ही पोरगी मात्र तोंडावर सांगून मोकळी,
हवा कशी आहे ते सांगावं तसं.

मी विचारलं, होईल का नीट?
एका दिवसात काहीच होत नाही, म्हणाली.
पाणी भरपूर प्या, उद्या अंग ठणकेल,
दोन दिवस कात्री धरू नका.
दोन दिवस! आणि पाटीदारांच्या नऊ ब्लाउजांचं काय,
हे मी तिला विचारलं नाही.

कपडे घातले. खाली उतरून पाव किलो शेव घेतली,
पिशवी डाव्या हातात.
रिक्षात बसताना उजव्या खांद्यावर काहीतरी टोचलं.
पदराखालून बोट घालून चाचपलं,
ब्लाउजच्या आत कापडाची दुहेरी पट्टी,
बारीक टाका, माझाच.

कधी घातली होती मी?