उरेब

वर्गातल्या पोरांना ठरवता येत नाही
मला मावशी म्हणावं की मॅडम,
म्हणून ती काहीच म्हणत नाहीत,
नुसती पुढच्या बाकावर सरकून जागा करतात.
एफ. वाय., भुसावळ. वय चौतीस.
पिशवीत लॉगटेबल, त्याखाली
जामनेर रोडच्या गिऱ्हाइकाचे तीन ब्लाउज,
हुका लावायचे राहिलेले.

तायडे मॅडम खडू न उचलता गोल काढतात
आणि म्हणतात, त्रिज्या एक.
एक काय? एक इंच? एक वीत?
एक. नुसती एक.
त्या रात्री झोप नाही आली मला.

घेराच्या परकराला
कंबर भागिले सहा पूर्णांक अठ्ठावीस,
हे इस्माईल मास्तरांनी शिकवलेलं.
आकडा कुठून येतो विचारलं तर म्हणायचे,
"येतो बेटा. भुसावळला सगळ्या गाड्या येतात, तसा."
परवा कळलं कुठून येतो.
सांगायला गेले, तर दुकानात मोबाइलची कव्हरं टांगलेली.

शेवटच्या बाकावर हिंमत पावरा, तोरणमाळकडचा.
जुलैपासून एक शब्द नाही.
मॅडम म्हणाल्या, साइनला आपल्याकडे ज्या म्हणत,
ज्या म्हणजे धनुष्याची दोरी.
तर हा उभाच राहिला:
"दोरी नाय मॅडम. आमच्यात बांबूची चीप लावतात."
आणि हवेत ओढून दाखवली, कमान किती वाकते ते.
मॅडमनी आकृती पुसली,
त्याच्या हातांकडे बघत पुन्हा काढली.

एप्रिलात पेपरात छापून आलं: भुसावळ पंचेचाळीस अंश.
सासू म्हणाली, "कसाले जाती व कॉलेजात असल्या उन्हात?"
मी मनात म्हटलं, टॅन एक.
जेवढी उंची तेवढी सावली.
आणि हाताने आपोआप कापडाचा कोपरा दुमडला.
बारा वर्षं गळ्याची पट्टी उरेब कापतेय मी.
सरळ कापलेलं ताणत नाही,
गोल गळ्याला तर ताणणारंच लागतं.
याला अंश असतात हे कुणी बोललं नव्हतं.
कोपऱ्याला कोपरा लागला, की झालं उरेब.

पुस्तकातल्या गणितांत समुद्र फार.
दीपगृहाच्या माथ्यावरून दोन जहाजं दिसतात.
निम्म्या वर्गाने समुद्र पाहिलेला नाही.
मॅडम म्हणाल्या, दीपगृह खोडा, दीपनगर लिहा.
जहाजं खोडा, मालगाड्या लिहा.

मग एका रविवारी गेलोच, चिमणी मोजायला.
पायथा कंपाउंडाच्या आत,
म्हणून दोन जागांवरून दोन कोन.
कोनमापक रुक्सार तडवीचा,
दोरा माझा, ओळंब्याला माझीच बॉबिन.
मधलं अंतर पोरांनी माझ्या टेपाने मोजलं,
साठ इंच, साठ इंच करत, भर उन्हात,
एकदा कितवा साठ यावरून भांडून, पुन्हा पहिल्यापासून.

खरी उंची मॅडमकडे, चिठ्ठीत.
आमची कमी भरली.
बरीचशी टेपामुळे.
थोडी मात्र... मॅडम हसल्या,
"डोळा काय जमिनीवर असतो का गं?
जिथून पाहिलं, ती उंची मिळवायची राहिली."

हिंमतने टेप घेतला.
टाचेखाली टोक धर म्हणाला रुक्सारला,
आणि माझ्या डोळ्यापर्यंत आणला, न लाजता.
सगळ्या गावाची मापं माझ्या वहीत,
माझं त्यात नाही.
"एकशे सदतीस," तो म्हणाला.
मी लिहिलं: अधिक एक पूर्णांक सदतीस.

तरी कमीच.
परतताना रिक्षात हुका लावल्या.
तिसऱ्या ब्लाउजची बाही तिरकी बसली होती,
तिथेच उसवली.
सोमवारी टेस्ट आहे
आणि कॉस दोन थीटाची तिन्ही रूपं
अजून एकमेकांत गुंततात.