पाचही जिवंत

बाजाराजवळच्या सिग्नलला थांबलं
की आरसा थरथरतो, मागची एक गाडी दोन दिसते,
दुधाच्या कॅनांची झाकणं
थंडीत दात वाजावेत तशी वाजतात.
चालायला लागली की गप्प.
बुरुल एजे एवढंच बोलली, किल्ली टेबलावर ठेवली
आणि हातमोजे न काढता
शेगडीपाशी जाऊन बसली.

ऑडी हंड्रेड. माझ्याहून वयाने मोठी.
बॉनेटवर गावभरच्या सल्ल्यांचे काळे ठसे.
दिराने प्लग बदलले होते,
नारिनच्या कुणा हुशाराने कॉइल,
शेजाऱ्याने तर पेट्रोलचा पंपच.
आजार म्हशीला, औषध पखालीला.
पखाल आता ठणठणीत होती.

तुराट उस्ताने काहीच बदललं नाही.
इंजिन सुरू केलं आणि चहा प्यायला,
सावकाश, दोन वाट्या.
मग म्हणाला, एकेक वायर काढ.
बघू नकोस. ऐक.

पहिली काढली, इंजिन अडखळलं.
लावली, सावरलं.
दुसरी, अडखळलं.
तिसरीला मला झटका बसला खांद्यापर्यंत
आणि इंजिनही अडखळलं,
कोण जास्त ते सांगता येणार नाही.
चौथी.
पाचवी.
जी काढून फरक पडत नाही ती मेलेली,
घरात असतं तसंच, उस्ता म्हणाला
आणि शेगडीकडे बघून त्याने जीभ चावली.

पाचही जिवंत.

होजच्या सांध्यांवर स्प्रे मारला,
हवा कुठून चोरून शिरतेय का बघायला.
आवाज तिळभर हलला नाही.
मग त्याने खिशातलं तीन सोमचं नाणं
इंजिनाच्या झाकणावर कडेवर उभं केलं.
डोललं. राहिलं.
आता आत बसून स्टिअरिंग धर, म्हणाला.
धरलं, तर कोपरापर्यंत मुंग्या.

म्हणजे इंजिन बरं आहे, उस्ता म्हणाला.
ते ज्याच्यावर टेकलंय, ते बरं नाही.

जॅक, पुठ्ठा, पुठ्ठ्यावर मी.
वितळणारा बर्फ चाकाच्या कमानीतून थेट मानेत.
डाव्या माउंटवरचं तेल आणि माती
पत्रीने खरवडून काढली
तर तिथे माउंटच नव्हता.
टायरचा तुकडा होता.
ट्रकच्या टायरचा, तीन थर,
चाकूने कापलेला, कडा तासलेल्या,
भोकं तापल्या स्क्रूड्रायव्हरने पाडलेली, अगदी मापात.
एका बाजूला नक्षीसुद्धा शाबूत.
आणि लाकडासारखा कडक.
इंजिनाचा प्रत्येक श्वास जसाच्या तसा
पत्र्याला, सीटला, आरशाला पोचवणारा.

कुठल्या गाढवाने केलंय हे?
मी खालून ओरडलो, हसत.

वर कुणी हसलं नाही.
दोन बूट जवळ आले. ती वाकली.
खिंडीत तुटला होता, म्हणाली. रात्री.
टॉर्च मी धरला होता.
घरापर्यंत चालेल म्हणाला.
मग थोड्या वेळाने, जणू हिशेब माझ्याकडेच द्यायचा होता:
नऊ वर्षं चालला.

नवा माउंट बिश्केकहून आला, तिसऱ्या दिवशी,
मार्शरुत्काच्या ड्रायव्हरच्या पायाशी, वर्तमानपत्रात गुंडाळून.
दोन बोल्ट सुटले, एक कापावा लागला.
नाणं पुन्हा उभं केलं. या खेपेला डोललंसुद्धा नाही.

ती सीटवर बसली, हात स्टिअरिंगवर.
खूप वेळ.
मग हळूच एक्सिलरेटर दाबून बघितला.
बंद पडल्यासारखी वाटते, म्हणाली.
सवय होईल, उस्ता म्हणाला.
त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

पैसे दिले, मोजून.
भंगाराच्या डब्यातून तो तुकडा
न विचारता उचलला, बाहीने पुसला.
उतारावर चाकाखाली लावायला बरा,
असं मला सांगितलं.
मी मान डोलावली. बॉनेट लावलं.

गाडी वळणापर्यंत गेली तेव्हा आठवलं,
नाणं आतच राहिलं, उभं.
तीन सोम, उस्ता म्हणाला,
बिलात धरले नव्हते.