नमुना

पाचव्या दिवशी झिंगाबाई मडावी परत आली.
पऱ्हाटीचा खुट रुतलेला पाय पायरीवर ठेवला,
फडकं सोडलं. वास माझ्या खिडकीपर्यंत.
"घेतल्या व माय साऱ्या. टायमावर घेतल्या.
सकाळी एक, सांजेले एक."
तरी मी विचारलंच, आम्ही नेहमी विचारतो ते :
उपाशीपोटी का? मधेच सोडल्या का?
तिनं ओच्यातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.
दहा खळगे, दहाही फुटलेले.

दवाखाना बंद झाल्यावर
खोक्यातली एक गोळी मी बत्त्यानं चुरली,
वर आयोडीनचा थेंब.
निळीशार.
शाळेत बटाटा व्हायचा तशी.

पण खऱ्या गोळीतही थोडं पीठ असतंच, बांधून ठेवायला.
निळा रंग काहीच सिद्ध करत नाही.
हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.
त्या रात्री आठवायला नको होतं.

बियाणं बोगस निघालं तर इथे पोरंही ओळखतात.
ओल्या पोत्यात शंभर दाणे गुंडाळायचे,
आठव्या दिवशी कोंब मोजायचे.
गोळी कुठल्या पोत्यात गुंडाळू?
ती माणसातच उगवते,
नाहीतर नाही उगवत.

निरीक्षक ढेंगळे यवतमाळहून एसटीनं आले,
तीन तालुक्यांना एकटे.
मेणबत्तीवर लाख वितळवली, पाकिटांवर मोहोर दाबली,
बोट भाजलं, चोखलं, म्हणाले,
"मॅडम, तुम्ही कळवलं तरी.
लोक गुपचूप खोकं बदलतात."
मी रजिस्टरात लाल शाईनं लिहिलं : देऊ नये.
आणि खाली, पेन्सिलीनं, आधी दिलेल्यांची नावं.

आशाताई प्रमिला घरोघर फिरली.
चौदा घरं, अकरा पाकिटं परत.
एका घरी गोळ्या पळसाच्या पानात बांधून देवाजवळ ठेवलेल्या.
दौलत टेकाम देईना :
"मले तं याच गोळीनं बरं वाटलं!"
त्याच्याशी काय बोलावं,
प्रमिलाला सुचलं नाही, मलाही नाही.

अकरा आठवड्यांनी नागपूरचा कागद.
औषधी घटक : आढळला नाही.
पाकिटावरच्या पत्त्यावर कारखाना नाही,
बाभळी आहेत, आणि कुणाची तरी बांधलेली म्हैस.
आता केस चालेल. तारखा पडतील.
झिंगाबाईची दोन बोटं त्याआधीच
यवतमाळात राहिली.

आज ती खिडकीशी उभी आहे, काठी टेकून.
नवी गोळी तळहातावर. मूठ मिटत नाही.
"हे तरी खरी हाय का?"

'हो' म्हणायला मी तोंड उघडते,
आणि बॅच नंबर वाचायला लागते, मोठ्यानं,
एकेक अक्षर, एकेक आकडा.
तिला वाचता येत नाही.
तरी मान हलवत शेवटच्या आकड्यापर्यंत ऐकते,
रांगही ऐकते मागची.

मग म्हणते, "पानी दे."